मुखवट्यांचे नाच आणि छापचित्रवाल्यांची चांदी

लंडनमध्ये मुखवटे घालून नाचण्याची हौस आधीपासून होती, पण ती दरबाराची आणि वकिलातींची. १७१३ मध्ये फ्रेंच राजदूताने सॉमरसेट हाउसमध्ये असा जलसा दिला, तेव्हा आत कोण येणार हे यजमान ठरवत होता. मूळ प्रथा व्हेनिसच्या कार्निव्हलची. गोव्यातला इंत्रूज हाही त्याच युरोपीय कार्निव्हल-परंपरेचा, फक्त तो पोर्तुगीजांबरोबर आला. व्हेनिसमध्ये मुखवटा हा शहराच्या रिवाजाचा भाग होता. लंडनमध्ये तो धंद्याचा भाग झाला, आणि त्याचं श्रेय किंवा खापर एकाच माणसाच्या डोक्यावर फुटतं: झुरिकहून आलेला योहान याकोब हायडेगर.

हायडेगर हेमार्केटच्या किंग्ज थिएटरचा व्यवस्थापक. पुढे तो ऑपेराच्या धंद्यात संगीतकार हँडेलचा भागीदारही झाला. १७१० च्या दशकात त्याने त्या नाट्यगृहात मास्करेड, म्हणजे मुखवट्यांच्या नाचाचे जलसे, सुरू केले, तिकीट लावून. तिकीट स्वस्त नव्हतं, पण विकत मिळत होतं. म्हणजे उमरावाची बायको, कापडाच्या व्यापाऱ्याचा मुलगा आणि ड्रुरी लेनची वेश्या एकाच झुंबराखाली, आणि तिघांच्याही तोंडावर मुखवटा. आपल्याकडे बहुरूपी गावात येतो तेव्हा तो बहुरूपी आहे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. इथे अख्खं सभागृह बहुरूप्यांचं, आणि कोण कुणाला बनवतंय याचा पत्ता कुणालाच नाही. पुढची शंभर वर्षं इंग्रज व्यंगचित्रकारांनी मास्करेडवर जे काही कोरलं, त्याच्या मुळाशी मला मुखवट्यापेक्षा हे तिकीटच दिसतं.

जानेवारी १७२४ मध्ये लंडनचे बिशप एडमंड गिब्सन यांनी मास्करेडविरुद्ध प्रवचन झोडलं. पुढच्याच महिन्यात २६ वर्षांच्या विल्यम होगार्थ या चित्रकाराने स्वतःच्या हिमतीवर एक छापचित्र, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलं चित्र, बाजारात आणलं, किंमत एक शिलिंग. डाव्या बाजूला मास्करेडच्या दाराकडे लोटणारी सोंगाड्यांची गर्दी आहे. तिला पुढे घालून नेणाऱ्या सैतानी आकृतीच्या हातात १,००० पौंडांची थैली आहे. ही कोपरखळी राजाने दिलेल्या आश्रयाला. वरच्या खिडकीतून हायडेगर खाली बघतोय. खिडकीच्या वरच्या फलकावर इटालियन गवयांच्या पायाशी लोटांगण घालून पैशाच्या राशी ओतणारे सरदार आहेत. आणि चित्राच्या मधोमध एक बाई हातगाडी ढकलत रद्दी विकत चालली आहे. गाडीत शेक्सपिअर, ड्रायडन, काँग्रीव्ह. शहराला मुखवट्यांचा आणि परक्या गाण्याचा नाद लागला, घरची नाटकं रद्दीत गेली, असा त्याचा रोख. तरुण माणसाचा संताप आहे, जरा एकांगी आहे. पण ती हातगाडी विसरता येत नाही.

या चित्राचा पुढचा इतिहास चित्राहून मोठा आहे. बाजारात चार दिवस गेले नाहीत तोच छापचित्रवाल्यांनी त्याच्या चोरट्या नकला काढल्या आणि निम्म्या किमतीला विकायला ठेवल्या. होगार्थने हा हिशेब लक्षात ठेवला. १७३५ मध्ये पार्लमेंटने कोरणाऱ्या कलावंतांना १४ वर्षांचा हक्क देणारा कायदा केला, तो होगार्थच्याच खटपटीने. आजही त्याला होगार्थचा कायदा म्हणतात. कलावंताला त्याच्या छापचित्राचे पैसे मिळावेत या व्यवस्थेची एक मुळी अशी मास्करेडच्या टिंगलीत सापडते.

१७२७ मध्ये होगार्थने मास्करेडच्या तिकिटाचंच विडंबन केलं. वर एक घड्याळ, घड्याळाला चक्क हायडेगरचा चेहरा. तासकाट्यावर ‘विनोदबुद्धी’, मिनिटकाट्यावर ‘आगाऊपणा’ आणि लंबकावर ‘मूर्खपणा’ असं लिहिलेलं. हायडेगर कुरूप म्हणून गाजलेला होता आणि स्वतःही त्यावर विनोद करायचा, म्हणून असला चेहरा व्यंगचित्रकाराच्या हाती आयताच पडला. १७२९ मध्ये मिडलसेक्सच्या ग्रँड ज्यूरीने त्याला दुर्गुणांचा आणि अनीतीचा मुख्य प्रवर्तक ठरवलं. धंदा थांबला नाही. जाहिरातीत ‘मास्करेड’च्या जागी ‘बॉल’ लिहिलं जाऊ लागलं, एवढंच.

त्याच्याबद्दलची एक आख्यायिका फार रंगवून सांगतात. ड्यूक ऑफ माँटेग्यूने त्याला दारू पाजून गाढ झोपवलं, त्याच्या चेहऱ्याचा साचा घेतला, मुखवटा केला आणि जलशात तोतया हायडेगर उतरवला. खऱ्याने वादकांना ‘गॉड सेव्ह द किंग’ वाजवायला सांगितलं, तोतयाने लगेच जेकबाइट बंडखोरांचं गाणं सांगितलं, राजा समोर बसलेला. मला हा किस्सा नंतर घडवलेला वाटतो. ‘गॉड सेव्ह द किंग’ नाट्यगृहांतून गाजलं ते १७४५ मध्ये, तेव्हा हायडेगर ऐंशीच्या घरात होता. पण किस्सा चालला, आणि संतापलेल्या हायडेगरचं छापचित्रही निघालं.

आता पोशाखाकडे. मास्करेडला जाणारे बहुतेक लोक डोमिनो घालत. डोमिनो म्हणजे पायघोळ सैल डगला आणि डोळ्यांवर अर्धा मुखवटा. कष्ट कमी, ओळख पूर्ण झाकलेली. हौशी मंडळी ‘पात्र’ होऊन येत: धनगरीण, नाविक, जोगीण, धुराडी साफ करणारा पोर. कव्हेंट गार्डनजवळच्या टॅव्हिस्टॉक स्ट्रीटवर हे कपडे भाड्याने देणारी दुकानं होती. आणि ज्यांना दुकानातलं चालत नसे, ते छापचित्रांकडे वळत.

इथे सजावटी छापचित्रांची दुसरी, शांत परंपरा येते. १५९० मध्ये व्हेनिसमध्ये चेझारे वेचेल्लिओने देशोदेशींच्या पोशाखांचा जाडजूड चित्रसंग्रह छापला होता. १७१४ मध्ये पॅरिसहून तुर्की साम्राज्यातल्या लोकांच्या १०० छापचित्रांचा संग्रह निघाला. मूळ चित्रं कॉन्स्टँटिनोपलमध्ये राहणाऱ्या जाँ-बाप्तिस्त व्हानमूरची, काढून घेतली होती फ्रेंच राजदूत फेरिओलने. युरोपभरच्या जलशांतल्या ‘सुलताना’ आणि ‘पाशा’ यांचा हा जणू शिंपीखाना होता. लंडनच्या टॉमस जेफरीसने १७५७ पासून वेगवेगळ्या देशांच्या जुन्या-नव्या पोशाखांचे खंड काढले, त्यात होल्बाइन आणि व्हॅन डाइक यांच्या चित्रांवरून घेतलेले जुने इंग्रजी वेषही होते. शंभर वर्षांपूर्वीच्या राजदरबाराचा झालरीच्या कॉलरचा ‘व्हॅन डाइक’ वेष करून घेणं ही तर साथच होती. मास्करेडची खिल्ली उडवणारं छापचित्र आणि मास्करेडचा पोशाख शिवायला लागणारं छापचित्र, दोन्ही तांब्याच्याच पत्र्यावर कोरलेली आणि त्याच शहरातल्या बाजारात खपणारी. दुकानदाराचा दोन्हीकडून फायदा.

यातल्या ‘सुलताना’चं एक उदाहरण आपल्या वाचकाला खटकल्याशिवाय राहणार नाही. १७७० च्या फेब्रुवारीत सोहोतल्या एका मास्करेडला मिस माँक्टन ही उमराव घराण्यातली तरुणी भारतीय सुलताना बनून गेली. वर्तमानपत्रांनी तिच्या अंगावरच्या दागिन्यांची किंमत ३०,००० पौंड सांगितली. कंपनीला बंगालची दिवाणी मिळून तेव्हा पाच वर्षं झाली होती, आणि त्याच वर्षी बंगालमध्ये माणसं दुष्काळाने मरत होती.

होगार्थला मात्र सभागृहापेक्षा दुसऱ्या दिवशीची सकाळ जास्त खुणावत असे. १७३२ च्या त्याच्या वेश्येच्या जीवनकथेत दुसऱ्या चित्रात ती श्रीमंत व्यापाऱ्याने ठेवलेली बाई आहे. शृंगारमेजावर मुखवटा पडलाय, त्यावरून आदल्या रात्री ती कुठे होती हे कळतं. यजमान आलाय आणि रात्रीचा पाहुणा मागच्या बाजूने सटकतोय. त्याला वेळ मिळावा म्हणून ती लाथेने चहाचं टेबल उलथवते. १७४५ च्या बिघडलेल्या लग्नाच्या चित्रमालिकेत हाच धागा ताणला आहे. चौथ्या चित्रात वकील प्रियकर सरदाराच्या बायकोला मास्करेडचं तिकीट देतो आणि बोट दाखवतो ते मागच्या आडपडद्यावर रंगवलेल्या मास्करेडकडे. पाचव्यात मास्करेड संपलंय. भाड्याची खोली, जमिनीवर मुखवटा, बाजूला काढून टाकलेला घागऱ्याचा सांगाडा, तलवारीने भोसकलेला नवरा, आणि खिडकीतून पळणारा प्रियकर. मधला जलसा त्याने काढलाच नाही. आधी तिकीट, मग प्रेत.

त्याच वर्षी व्हर्सायमध्ये उलट टोक दिसतं. २५ फेब्रुवारी १७४५ च्या रात्री, युवराजाच्या लग्नानिमित्त, आरसे महालात मुखवट्यांचा नाच झाला. पंधरावा लुई आणि त्याचे सात सोबती बागेतल्या कातरलेल्या यू झाडांच्या वेषात आले. आठ झाडांतला राजा कुठला, हे कुणी ओळखायचं? पुढे मादाम द पाँपादूर म्हणून प्रसिद्ध झालेली स्त्री राजाच्या नजरेत भरली ती त्या रात्री, असं सांगतात. शार्ल-निकोला कोशँने या जलशाचं भलंमोठं चित्र केलं आणि त्याचं छापचित्र निघालं: कमानी, मेणबत्त्यांची झुंबरं, माणसांचा समुद्र आणि त्यात चालती झाडं. त्या गर्दीतही नको ते लोक घुसले होतेच. पण चित्र राजाच्या खर्चाने होतं, तेव्हा त्यात टोमणा कुठून असणार?

सजावट आणि टोमणा एकाच पत्र्यावर आणला तो एका वास्तुविशारदाने. सतराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसच्या निकोला द लार्मेसँने कारागिरांना त्यांच्याच अवजारांचे कपडे चढवले होते, म्हणजे आचाऱ्याच्या अंगावर भांडीकुंडी. पार्माच्या दरबारातला एनमाँ पेतितो १७७१ मध्ये त्यापुढे गेला. तेव्हा युरोपभर ‘ग्रीक’ शैलीचं वेड होतं, खुर्चीपासून नासदाणीपर्यंत सगळं ग्रीक. पेतितोने माणसांना खांब, नक्षीपट्ट्या आणि कलश यांचाच पोशाख घातला आणि बेनिन्यो बोस्सीने ती चित्रं कोरली. यातली ग्रीक नवरी पाहताना हसू येतं, आणि मग लक्षात येतं की नक्षी खरोखर सुंदर आहे. स्वतःच्या धंद्याची टर उडवणारा माणूस त्या धंद्यात मुरलेला असला की असं होतं. या सगळ्या पसाऱ्यातून मला एकच संग्रह घरी नेऊ दिला तर मी हा नेईन.

लंडनमध्ये मधल्या काळात खंड पडला होता. नोव्हेंबर १७५५ च्या लिस्बनच्या भूकंपानंतर देवाच्या कोपाची धास्ती पसरली आणि मास्करेड काही वर्षं बंद पडले. पुन्हा रंग भरला तो तेरेसा कॉर्नेलिसने. ती व्हेनिसची गायिका, कासानोव्हाच्या एका मुलीची आई. १७६० पासून सोहो स्क्वेअरच्या कार्लाइल हाउसमध्ये तिचे जलसे गाजले. १७७१ मध्ये एका मासिकाने तिच्या मास्करेडमधल्या ‘उल्लेखनीय पात्रां’चं छापचित्रच छापलं. एक पाहुणा शवपेटी घालून आला होता. म्हणजे आता वाचकाला तिकीट न काढताही जलसा पाहता येत होता. बाई मात्र कर्जात बुडाली आणि १७९७ मध्ये फ्लीटच्या तुरुंगात वारली.

तिचं गिऱ्हाईक पळवलं ते ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या पँथिऑनने. जेम्स वायटने बांधलेली ही प्रचंड घुमटाची वास्तू जानेवारी १७७२ मध्ये उघडली. नेमका हाच काळ मॅकरोनींचा. इटलीची सफर करून आलेली, उंच केसांचे टोप आणि तंग कोट मिरवणारी ही श्रीमंत पोरं. स्ट्रँडवरच्या मॅथ्यू आणि मेरी डार्ली या नवराबायकोने त्यांच्या व्यंगचित्रांचे संचच्या संच काढले. फिलिप डॉच्या १७७३ च्या छापचित्रात असाच एक पँथिऑनचा मॅकरोनी शृंगारमेजापाशी उभा आहे, डोक्यावर डोक्याहून कितीतरी उंच टोप, खांद्यापाशी फुलांचा मोठा गुच्छ. खाली मजकूर आहे, ‘अलीकडच्या मास्करेडमधलं एक खरंखुरं पात्र’. त्याने सोंग घेतलेलंच नाही, तो रोज असाच फिरतो. मास्करेडवरच्या चित्रांत मला सगळ्यात तिखट वाटतं ते हेच, आणि त्यात मुखवटा औषधालाही नाही.

शतकाच्या शेवटी चित्रं वाढली, धार कमी झाली. टॉमस रोलँडसनने १७९० मध्ये मास्करेडसाठी नटणाऱ्या बायकांचं चित्र काढलं. ते प्रसिद्ध करणारा सॅम्युएल फोर्स पुढे व्यंगचित्रांचे गठ्ठे एका संध्याकाळीपुरते भाड्यानेही देत असे. पाहुण्यांची करमणूक व्हायची, सकाळी गठ्ठा परत. मास्करेडचा डगला भाड्याने मिळे, तशी त्याची टिंगलही मिळू लागली.

१८०८ ते १८१० च्या दरम्यान रुडॉल्फ आकरमनने लंडनच्या वास्तूंची १०४ रंगीत ॲक्वाटिंट (जलरंगासारख्या छटांची छापचित्रं) छापली. त्यात पँथिऑनचं मास्करेड आहे. वास्तू ऑगस्टस प्युजिनने काढली, माणसं रोलँडसनने, त्यामुळे खांब काटेकोर आणि गर्दी खट्याळ. त्यातला पँथिऑनही मूळचा नव्हे. वायटची इमारत जानेवारी १७९२ मध्ये जळाली होती, हा तिचा पुन्हा बांधलेला अवतार. तोही १९३७ मध्ये पाडला गेला. पुढच्या वर्षी त्या जागी मार्क्स अँड स्पेन्सरचं दुकान उभं राहिलं, आणि कपडे विकणाऱ्या त्या दुकानाच्या काळ्या ग्रॅनाइटच्या दर्शनी भागावर नाव ठेवलं तेच, पँथिऑन.