यकृत नवं, झडप जुनी

यकृत प्रत्यारोपणात एक क्षण असा येतो की भूलतज्ज्ञाची नजर मॉनिटरवरून हलत नाही. नवं यकृत जागेवर बसलेलं असतं, प्रवेशद्वारशीर म्हणजे पोर्टल व्हेन शिवून झालेली असते आणि सर्जन क्लॅम्प सोडतात. इतका वेळ बर्फासारख्या थंड द्रावणात राहिलेल्या यकृतातून रक्त वाहू लागतं. ते थंड आणि आम्लधर्मी असतं, त्यात पोटॅशियमही जास्त असतं, आणि ते थेट हृदयाकडे निघतं. शरीरभरच्या रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब कोसळतो. पहिल्या पाच मिनिटांत सरासरी दाब ३० टक्क्यांहून जास्त घसरला आणि किमान मिनिटभर तसाच राहिला, तर त्याला पोस्ट-रिपर्फ्युजन सिंड्रोम म्हणतात.

धडधाकट हृदय अशा वेळी जास्त रक्त बाहेर फेकून दाब सावरतं. पण महाधमनीची, म्हणजे हृदयातून शरीरभर रक्त नेणाऱ्या मुख्य धमनीच्या तोंडाशी असलेली झडप अरुंद झाली असेल तर? रक्तवाहिन्या कितीही सैलावोत, झडप उघडायची तेवढीच उघडते. पुढचा दाब पडतो आणि हृदयाला स्वतःचं रक्तही मिळेनासं होतं, कारण त्याला रक्त पुरवणाऱ्या कोरोनरी धमन्या याच झडपेच्या लगेच वर सुरू होतात. वर्षानुवर्षं जोर लावून जाड झालेल्या स्नायूची रक्ताची भूक मोठी असते. तो उपाशी पडला की आकुंचन मंदावतं आणि दाब आणखी खाली जातो. म्हणून ही झडप टेबलावर घेण्याआधीच ओळखायला हवी.

आणि इथेच खरी मेख आहे. निरोगी माणसात ही झडप ३ ते ४ चौरस सेंटिमीटर उघडते. १ च्या खाली गेली की आजार गंभीर मानतात. इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, झडपेच्या अलीकडचा आणि पलीकडचा दाब यांतला फरकही पाहतात, आणि सरासरी ४० मिलिमीटर पारा ही गंभीरतेची रेषा आहे. पण सिरॉसिसमध्ये, म्हणजे यकृत कायमचं घट्ट आणि खराब झालेलं असताना, रक्तवाहिन्या आधीच सैल असतात आणि हृदय नेहमीपेक्षा कितीतरी जास्त रक्त पंप करत असतं. प्रवाह वाढला की हा फरकही वाढतो, त्यामुळे मध्यम अरुंद झडप गंभीर भासू शकते. नुसता एक आकडा पाहून निर्णय घेणं मला म्हणूनच धोक्याचं वाटतं. झडपेचं क्षेत्रफळ, गरज पडल्यास सीटी स्कॅनवर दिसणारं कॅल्शियम, सगळं एकत्र वाचावं लागतं.

हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली मायट्रल झडप गळकी असेल तर नेमकं उलटं होतं. रक्तवाहिन्या सैल असल्याने रक्ताला पुढे जाणं सोपं पडतं, मागे कमी गळतं, आणि दोष झाकला जातो. प्रत्यारोपणानंतर वाहिन्यांचा ताण पूर्ववत होतो. त्यात शरीराने नवं यकृत नाकारू नये म्हणून दिलेल्या टॅक्रोलिमससारख्या औषधांनी रक्तदाब चढतो. मग गळती डोकं वर काढते.

उजव्या बाजूच्या ट्रायकस्पिड झडपेची थोडी गळती अनेकांत आढळते. ती जास्त असेल तर फुप्फुसाच्या धमन्यांतला दाब मोजायलाच हवा. हा सरासरी दाब ५० मिलिमीटरच्या वर असेल तर बहुतेक केंद्रं प्रत्यारोपण करत नाहीत.

झडप आधी बदलावी, तर सिरॉसिसमध्ये प्लेटलेट कमी आणि रक्त गोठण्याची यंत्रणा कोलमडलेली. हृदय उघडायचं म्हणजे हार्ट-लंग मशीन आणि रक्त गोठू न देणारं हेपॅरिन आलं, आणि यकृत फारच खराब असेल तर त्या शस्त्रक्रियेतून रुग्ण वाचेल याची शाश्वती नसते. २००२ मध्ये फ्रान्समध्ये अलें क्रिबिए यांनी मांडीच्या रक्तवाहिनीतून कॅथेटर नेऊन महाधमनीची झडप पहिल्यांदा बसवली. तावी नावाच्या या पद्धतीमुळे, छाती न उघडता झडप बदलून मग यकृताकडे वळणं आज काही रुग्णांना शक्य झालं आहे. निवडक ठिकाणी दोन्ही शस्त्रक्रिया एकाच वेळीही होतात. धातूची झडप असलेल्यांसाठी आणखी एक गुंता आहे. ते रक्त पातळ ठेवणारं वॉरफॅरिन घेतात, त्याने आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचा आकडा वाढतो, आणि प्रतीक्षा यादीतला क्रम ठरवणाऱ्या मेल्ड स्कोअरमध्ये हाच आयएनआर धरलेला असतो, त्यामुळे औषधाने वाढलेला आकडाही यकृताच्या खात्यावर जातो.

धाप, थकवा, पायांवरची सूज ही लक्षणं यकृताची आणि झडपेची सारखीच. पोटात पाणी झालेल्या रुग्णाची धाप सगळेच यकृताच्या खात्यावर टाकतात, नातेवाईकही आणि कधीकधी डॉक्टरही. म्हणून प्रत्यारोपणाआधी प्रत्येकाचा इको होतो. प्रतीक्षा लांबली आणि दरम्यान धाप वाढली किंवा चक्कर येऊ लागली, तर जुन्या रिपोर्टवर विसंबू नका. तो इको पुन्हा करायला सांगा.