म्युझिक प्लेअरमधील मोकळे पोर्ट आणि पडून असलेले हार्डवेअर

सिंगल-बोर्ड कॉम्प्युटरवर, म्हणजे एकाच पाटीवर मावणाऱ्या छोट्या संगणकावर, बांधलेल्या म्युझिक प्लेअरमध्ये गाणे वाजवायला ज्यांची गरज लागत नाही असे जोड, पिना आणि चिपमधले भाग या नोंदीत येतात. अशा प्लेअरचा गाभा बहुधा रास्पबेरी पाय हा बोर्ड असतो. 2012 साली तो बाजारात आला तो मुलांनी प्रोग्रामिंग शिकावे म्हणून. संगीत हा त्याचा जोडधंदा. म्हणून प्लेअरच्या डब्यात बसवल्यावर त्याच्या अंगावरची निम्मीअधिक सामग्री पडून राहते. पडून असली तरी ती थोडी वीज खाते, धूळ धरते आणि क्वचित आवाजातही डोकावते. सोलापूरसारख्या उन्हाच्या आणि मागांच्या गावात या तिन्हींचा हिशेब ठेवावा लागतो.

2019 सालचा रास्पबेरी पाय 4 (पुढे नुसता पाय 4) समोर ठेवला तर त्यावर चार यूएसबी (दोन जुन्या वेगाचे 2.0, दोन वेगवान 3.0), टीव्ही किंवा पडदा जोडायचे दोन मायक्रो एचडीएमआय, तारेच्या इंटरनेटसाठी एक इथरनेट, हेडफोनचे 3.5 मिमी भोक, कॅमेरा आणि डिस्प्लेच्या चपट्या पट्ट्यांसाठी दोन खाचा आणि 40 पिनांची दुहेरी रांग दिसते. प्लेअरला यातले लागते थोडेच : वीज, मेमरी कार्ड, गाणी आत येण्याची एक वाट आणि आवाज बाहेर जाण्याची एक वाट. कॅमेऱ्याच्या खाचेबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. ती शेवटपर्यंत रिकामीच राहते.

हेडफोनच्या भोकाची गोष्ट वेगळी. नवख्याला वाटते, आवाज येथूनच घ्यायचा. पण पाय 4 पर्यंतच्या बोर्डांत या भोकामागे खरा डॅक, म्हणजे अंकीय संकेतातून ध्वनिसंकेत घडवणारी चिप, नसतोच. प्रोसेसर स्पंदांची रुंदी कमीजास्त करतो आणि साध्या गाळणीतून त्याचा आवाज काढतो. बातम्या ऐकायला ते चालते. तंबोऱ्याची आस विरत जाते तेथे मात्र खरखर आणि सपाटपणा कळतो. याच भोकातून जुन्या टीव्हीसाठी चित्रही निघते, त्यामुळे त्याला चार कडी असतात आणि भलतीच वायर लावली तर एका बाजूचा आवाज गायब होतो. 2023 च्या पाय 5 मधून हे भोक काढूनच टाकले. गंभीर प्लेअरमध्ये ते आधीही मोकळेच राहत होते.

आवाज खरा निघतो तो 40 पिनांच्या रांगेतून. आयटूएस या, एका चिपकडून दुसरीकडे अंकीय ध्वनी नेण्याच्या पद्धतीला तीनच संकेत पुरतात : 12 क्रमांकाच्या पिनेवर बिटांचा ठेका, 35 वर डावे-उजवे सांगणारी खूण, 40 वर प्रत्यक्ष ध्वनी. डॅकच्या चिपचा आवाज कमीजास्त करायचा असेल तर 3 आणि 5 या पिना आणखी लागतात. जोडीला वीज आणि ग्राउंड, म्हणजे विजेची परतीची वाट. डॅकचा बोर्ड मात्र सगळी रांग झाकून बसतो, म्हणून उरलेल्या पिना असूनही हाताला लागत नाहीत. रांगेची टोके वर आणलेला डॅक बोर्ड घेतला तर तेथे रिमोटचा इन्फ्रारेड रिसीव्हर, फिरवायचे बटण किंवा गाण्याचे नाव दाखवणारा छोटा पडदा जोडता येतो. एक पथ्य पाळावे : या पिना 3.3 व्होल्टच्या आहेत, 5 व्होल्ट त्यांना सोसत नाहीत. पहिली पिन 3.3 व्होल्टची आणि तिच्या शेजारची दुसरी 5 व्होल्टची. डब्यात सुटलेला एक स्क्रू या दोघींना टेकला की बोर्ड गेलाच म्हणून समजा.

यूएसबीचे पोर्ट सहसा पूर्ण मोकळे नसतात. एकात पेनड्राइव्ह असतो, आणि सोलापुरी घरातला असेल तर त्यावर मराठी अभंग, सिद्धरामेश्वरांची कन्नड वचने आणि तेलुगू सिनेगीते शेजारी शेजारी नांदतात. पाय 3 आणि त्याआधीच्या इथरनेट असलेल्या बोर्डांत सगळे यूएसबी आणि इथरनेट मिळून प्रोसेसरकडे जाणारा एकच यूएसबी 2.0 रस्ता वापरत. तेथे यूएसबी डॅक लावला तर शेजारच्या पोर्टावरची वर्दळ महत्त्वाची ठरे. पाय 4 मध्ये ही अडचण राहिली नाही. तेथे 3.0 च्या पोर्टात डिस्क लावली की 2.4 गिगाहर्ट्झचा वायफाय कधी कधी अडखळतो, डिस्क 2.0 च्या पोर्टात हलवावी. सीडीच्या दर्जाच्या ध्वनीला सेकंदाला सुमारे 1.4 मेगाबिट पुरतात, म्हणजे वेगवान पोर्टाची येथे गरजच नाही.

डोळ्यांना न दिसणारे भागही पडून असतात. चित्रे रंगवणारा ग्राफिक्स प्रोसेसर बिनकामाचा, एचडीएमआयला प्रेक्षक नाही. इथरनेटची तार लावली तर वायफाय आणि ब्लूटूथही नको (हे दोन्ही एकाच चिपमध्ये राहतात). बोर्ड सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या सेटिंगच्या फाइलीत एकेक ओळ लिहून यातले बरेचसे बंद करता येते. अंगभूत ध्वनी बंद करण्याचा एक रोकडा फायदा आहे : प्लेअर चुकून भलत्याच वाटेने आवाज पाठवत नाही. बाकी, एचडीएमआय बंद केल्याने पडदा उघडल्यासारखा आवाज येतो, असे छातीठोक सांगणारे भेटतात. वाचते ती मूठभर वीज. आवाजात फरक पडायचा तर तो आधी चांगल्या अडॅप्टरने पडतो. एचडीएमआयची तार टीव्हीला आणि प्लेअर अँप्लिफायरला जोडलेला असेल तेव्हा मात्र ग्राउंड दोन वाटांनी जोडले जाऊन त्याचे वेटोळे तयार होते आणि 50 हर्ट्झची घुमघुम येऊ शकते; ती तार उपसून बघणे हा पहिला उपाय. इथरनेटच्या पोर्टात दोन्ही बाजू विजेने अलग ठेवणारा ट्रान्सफॉर्मर असल्याने त्या वाटेने हा त्रास सहसा येत नाही.

सोलापुरात प्लेअर ठेवायचा तर मोकळ्या पोर्टांना झाकण हवे. चादरी आणि टॉवेल विणणाऱ्या यंत्रमागांच्या शेडमध्ये सुताचे बारीक तंतू हवेत तरंगत असतात. ते यूएसबीच्या धातूच्या जिभांवर आणि उष्णता काढणाऱ्या पंख्यावर बसतात. रबरी बुचे स्वस्तात मिळतात. पंख्याऐवजी, जो स्वतःच तंतू आत ओढतो, ॲल्युमिनियमचा डबाच उष्णता फेकेल अशी रचना बरी. एप्रिल-मेमध्ये येथे पारा चाळिशी ओलांडतो आणि पाय 4 चा प्रोसेसर 80 अंशांना पोचला की आपोआप मंदावतो. तेव्हा न लागणारे भाग बंद ठेवण्याला येथे थोडा जास्त अर्थ आहे. घरात वस्तू झाकायला चादरीचा तुकडा कायम हाताशी असतो. चालू प्लेअरवर तो टाकू नये.