खदानपाणी-विसर्ग तपास

खाणीच्या किंवा दगडखदानीच्या आवारात साठवलेले पाणी बांध फुटून, हौद ओसंडून वा पंप चालू राहून अपघाताने बाहेर गेल्यास ते किती गेले, त्यात काय होते, कोठवर पोचले आणि कशामुळे सुटले हे ठरविण्याची पद्धती. 'विसर्ग' या संज्ञेविषयी एकमत नाही. पाटबंधाऱ्यांच्या भाषेत विसर्ग म्हणजे धरणातून ठरवून सोडलेल्या पाण्याचा दर, आणि जायकवाडीच्या बातम्यांमुळे मराठवाड्यात तोच अर्थ रूढ आहे. 'गळती' म्हटले की थेंबथेंब पाझर डोळ्यांसमोर येतो, 'सांडपाणी' म्हटले की मोरी. एकदम सुटलेले आणि हळूहळू झिरपलेले अशा दोन्ही पाण्यांना सामावणारा म्हणून येथे 'अपघाती विसर्ग' हा शब्द योजला आहे.

मराठवाड्याचा बहुतेक भूभाग बेसाल्टचा असून खदानी मुख्यतः खडी, मुरूम आणि कृत्रिम वाळूच्या आहेत. कोळसा व धातूंच्या खाणींत पायराइट या लोह-गंधकाच्या खनिजाचा हवा-पाण्याशी संयोग होऊन जे आम्ल पाणी तयार होते, त्याचा प्रश्न येथे सहसा येत नाही. येथील तपास दोन गोष्टींभोवती फिरतो : वाळू धुताना निघणारी 75 मायक्रॉनहून बारीक दगडपिठी आणि सुरुंगाच्या दारूतून येणारे नायट्रेट.

सर्वाधिक वाद नायट्रेटवर होतो. सुरुंगासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या मिश्रणात साधारण 94 टक्के अमोनियम नायट्रेट आणि 6 टक्के डिझेल असते. भरताना सांडलेले किंवा ओल्या छिद्रात न पेटलेले अमोनियम नायट्रेट पाण्यात चटकन विरघळून खदानीच्या तळ्यात उतरते. पण खदानीखालच्या गावात युरिया, गोठे, उकिरडे आणि शोषखड्डेही असतात. त्यामुळे विहिरीने पिण्याच्या पाण्याची 45 मिग्रॅ. प्रति लिटर ही मर्यादा ओलांडली एवढ्यावरून खदान दोषी ठरत नाही, आणि सुटतही नाही. अशा वेळी समस्थानिकांचा, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या हलक्या-जड अणूंच्या प्रमाणाचा, आधार घेतात. कारखान्यात बनलेल्या नायट्रेटमधला ऑक्सिजन हवेतला असल्याने त्यात ऑक्सिजन-18 चे प्रमाण चढे असते. युरियापासून जमिनीतले जिवाणू जे नायट्रेट बनवतात त्यात तो बराचसा पाण्यातून येतो, म्हणून हे प्रमाण उतरते. शेणामुताच्या नायट्रेटमध्ये नायट्रोजन-15 चढे आढळते. काही अभ्यासक ही ओळख निर्णायक मानतात. तथापि हवा न पोचणाऱ्या चिखलात जिवाणू नायट्रेट मोडू लागले की दोन्ही जड समस्थानिके मागे उरून आकडे वर सरकतात. शिवाय अमोनियम नायट्रेटमधला अमोनियमचा भाग जमिनीत युरियासारखाच वागतो. म्हणून समस्थानिकांना पाण्यातला अमोनिया, डिझेलचा अंश आणि खदानीतील स्फोटांची नोंदवही यांची जोड हवी, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

कायद्याचा मुख्य आधार जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, 1974 हा आहे. महाराष्ट्राने तो 1981 मध्ये स्वीकारला. राज्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळ मात्र राज्याच्याच 1969 च्या कायद्यान्वये 1970 मध्ये स्थापन झाले होते. अधिनियमातील 'प्रवाह' या शब्दात तूर्त कोरडा असलेला जलमार्ग आणि भूगर्भातील पाणीही येते. वर्षाचा मोठा काळ नाले कोरडे असणाऱ्या प्रदेशात ही व्याख्या फार मोलाची आहे. 'नाल्याला पाणीच नव्हते' ही सबब तिच्यापुढे टिकत नाही. कलम 31 प्रमाणे अपघाताची खबर मंडळाला तत्काळ देणे हे जागेच्या प्रभारी व्यक्तीचे कर्तव्य आहे. कलम 21 नमुन्याची रीत सांगते : नोटीस, नमुन्याचे दोन भाग, दोन्हींवर मोहोर, दोन्ही बाजूंच्या सह्या. ही रीत चुकली तर पृथक्करणाचा अहवाल न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. गावकऱ्यांनी बाटलीत भरून ठेवलेले पाणी त्यामुळे कायद्याने कमकुवत ठरते, पण मंडळाचे पथक पोचेपर्यंत तेच एकमेव पाणी उरलेले असते. वेळ, जागा आणि साक्षीदार लिहून ते पंचनाम्यास जोडावे, आणि विसर्गाच्या वरच्या अंगाचे पाणीही त्याच वेळी भरावे.

उन्हाळ्यात सुटलेले पाणी काही तासांत जिरते आणि मागे पिठी राहते. काळ्या मातीचा गाळ वाळला की जाड भेगा पडतात. दगडपिठी मात्र राखाडी, पातळ पापुद्र्यांनी सुटते आणि काठच्या बेशरमाच्या पानांवर तिची आडवी रेघ उमटते. त्या रेघेची तळापासून उंची, नाल्याचा छेद आणि उतार मोजला की उघड्या प्रवाहाचा वेग काढणाऱ्या मॅनिंगच्या सूत्राने लोंढ्याच्या महत्तम दराचा अंदाज बांधता येतो. एक वळीव झाला की रेघ गेली.

कारणाच्या शोधात अमेरिकेतील गोल्ड किंग खाणीची चौकशी उपयोगी पडते. 5 ऑगस्ट 2015 रोजी तेथून सुमारे 1.1 कोटी लिटर आम्ल पाणी सुटून अ‍ॅनिमास नदी नारिंगी झाली. बुजलेले तोंड उकरण्यापूर्वी आतल्या पाण्याचा दाब वरून छिद्र घेऊन मोजलाच नव्हता, असे निष्पन्न झाले.

विहिरींबाबत अंतरावरून निष्कर्ष काढू नये. बेसाल्टमध्ये पाणी मुरमाच्या थरातून आणि सांध्यांतून चालते. शेजारची विहीर निवळ आणि त्याच सांध्यावरची दूरची गढूळ, असे घडू शकते. गढूळपणा आधी दिसतो, नायट्रेट मागाहून येऊ शकते, म्हणून पहिल्या पावसानंतर नमुने पुन्हा घ्यावेत.

नांदेड जिल्ह्याच्या देगलूर, बिलोली, मुखेड भागांत खडक ग्रॅनाइटी आहे. तेथील भूजलात फ्लोराइड मुळातूनच असू शकते, ते खदानीच्या माथी मारू नये.