माफ केलं म्हणजे भरवसा बसला, असं नाही

नवऱ्याचं बाहेरचं प्रकरण उघडकीला येतं. चर्चचे पाळकसाहेब घरी येतात, प्रार्थना होते, डोळे पुसले जातात आणि "माफ केलंस ना? मग झालं, विषय संपला" म्हणत मंडळी चहाचे कप उचलतात. नाशिकचं शरणपूर असो की नाशिकरोड, सल्ला हाच. बायकोनं महिन्याभरानं "काल कुठे होतास?" विचारलं की तीच अविश्वासी ठरते. चूक बायकोची असेल तेव्हा मात्र हाच विषय वर्षानुवर्षं संपत नाही, हेही नमूद करायला हवं.

क्षमा काय हे ख्रिस्ती घरात वाढलेल्याला शिकवायला नको. सातांच्या सत्तर वेळा (मत्तय 18:22), शिवाय प्रभूची प्रार्थना रोजचीच. क्षमा करणं म्हणजे विसरणं नव्हे, हेही एव्हाना सगळ्यांना ठाऊक आहे.

घोळ होतो तो क्षमा आणि भरवसा यांत. क्षमा एकट्यानं करता येते. समोरचा निगरगट्ट राहिला तरी सूड सोडून हिशेब देवाच्या हवाली करता येतो. भरवसा मात्र समोरच्याच्या वागण्यावर बसतो, आणि तो मागून मिळत नाही. उत्पत्ती 42 ते 45 हे अध्याय पुन्हा वाचा. ज्या भावांनी आपल्याला विकलं, त्यांना पाहून योसेफ एकांतात रडला, त्यांना धान्य दिलं, पैसेही गोणीत परत ठेवले. म्हणजे सूड त्यानं उगवला नाही. पण ओळख दिली का? नाही. शिमोनाला अडकवून ठेवलं, बन्यामिनाला आणायला लावलं, त्याच्या गोणीत प्याला ठेवला. योसेफाला विकून टाकू, असं ज्यानं सुचवलं होतं तोच यहूदा धाकट्याच्या जागी गुलाम राहायला तयार झाला, तेव्हा कुठे ओळख दिली. याला कुणी संशयी म्हणत नाही.

वागणं म्हणजे काय, तेही रोकडं बोलू. तिसऱ्या व्यक्तीशी संबंध पूर्ण बंद. "फक्त मैत्री ठेवतो" चालणार नाही. अंबडच्या कारखान्यात सेकंड शिफ्ट सांगितली असेल तर शिफ्टचं वेळापत्रक घरात दिसलं पाहिजे. पगार, पासबुक, पतपेढीचं कर्ज उघडं. शरीरसंबंध पुन्हा सुरू करण्याआधी दोघांची एचआयव्ही तपासणी. सिव्हिल हॉस्पिटलमध्ये ती मोफत होते, आणि तीन महिन्यांनी पुन्हा करून घ्यावी. सोबतीला एकच विश्वासू वडीलधारं जोडपं घ्या, अख्खी मंडळी नको. मत्तय 18:15 चा पहिला टप्पाच एकांतातला आहे. बायबलमधल्या जक्कय जकातदारानं नुसतं "चुकलो" म्हटलं नाही, चौपट परत करतो असा आकडा सांगितला. हे सगळं स्वतःहून दाखवणाऱ्यावर भरवसा लवकर बसतो. फोन मागितल्यावर चिडणाऱ्यावर बसत नाही, आणि बसूही नये.

घरात मारहाण होत असेल तर ही सगळी चर्चा नंतर. आधी सुरक्षित जागा.

माहेरी आलेल्या बायकोला "आजच बॅग उचल आणि घरी चल" म्हणणाऱ्या काकांना एक गोष्ट सहसा माहीत नसते. ख्रिस्ती लोकांना लागू असलेल्या 1869 च्या घटस्फोट कायद्यात कलम 14 सांगतं की सहवास पुन्हा सुरू झाला किंवा चालू राहिला, तरच व्यभिचार माफ केला असं धरायचं. म्हणजे पाळकासमोर "माफ केलं" म्हटल्यानं कायद्यात काही बदलत नाही, एकत्र राहायला लागल्यानं बदलतं. (2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं व्यभिचाराला गुन्हा ठरवणारं दंड संहितेचं कलम 497 रद्द केलं तरी व्यभिचार हे घटस्फोटाचं कारण आहेच.) कॅथोलिकांच्या चर्च-कायद्याचंही तसंच. कॅनन 1152 निर्दोष जोडीदाराला क्षमेची कळकळीची विनंती करतो, पण विभक्त राहण्याचा हक्कही देतो. मात्र दाद न मागता त्यानं 6 महिने संसार चालू ठेवला, तर क्षमा केली असंच गृहीत धरतो. विभक्त राहण्यानं विवाहबंधन तुटत नाही, हे वेगळं.

तेव्हा माहेरी राहून मनापासून क्षमा करता येते. परत कधी जायचं ते तिनं ठरवावं, तेही पासबुक आणि तपासणीचे दोन्ही रिपोर्ट हातात आल्यावर.