नेदरलँड्समधली कॉफीशॉप आणि ‘रहिवासी’ अट: दारात नेमका कोणता कागद लागतो?

नेदरलँड्सच्या दक्षिण सीमेजवळच्या मास्ट्रिख्ट शहरातल्या कॉफीशॉपच्या, म्हणजे गांजा विकणाऱ्या दुकानाच्या, दारातून परत आलेल्यांची तक्रार बहुतेक सारखीच असते. पासपोर्ट दाखवला, वय पूर्ण आहे, व्हिसा वैध आहे, मग आत का सोडलं नाही? त्यांचे कागद खोटे नसतात. दारावरच्या माणसाला तुम्ही कोण आहात एवढंच नाही, तर नेदरलँड्समध्ये तुमची नोंद कुठल्या पत्त्यावर आहे हेही हवं असतं, आणि ते पासपोर्ट सांगत नाही. इथे नव्याने आलेले आपले विद्यार्थी आणि त्यांना भेटायला येणारे पाहुणे यांचा यात फार गोंधळ होतो, म्हणून हे सविस्तर लिहितोय. कॉफीशॉपमध्ये जावं असा आग्रह नाही. पण ज्या कागदावाचून तिथे अडतं, त्याच कागदावाचून इथे आणखी बऱ्याच गोष्टी अडतात.

नियम आधी थोडक्यात. नेदरलँड्समध्ये गांजा कायदेशीर आहे हा समज चुकीचा आहे. 1976 च्या कायदाबदलानंतर थोड्या प्रमाणातल्या विक्रीकडे सरकार काही अटींवर काणाडोळा करतं, एवढंच. ग्राहक 18 वर्षांचा हवा, एका माणसाला दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा जास्त द्यायचं नाही, जाहिरात नाही, कडक अमली पदार्थ नाहीत, शेजाऱ्यांना उपद्रव नाही. यातलं काही मोडलं तर महापौर दुकानाला टाळं लावू शकतात. त्यामुळे दारावरच्या माणसाशी हुज्जत घालून उपयोग नाही, दुकान त्याच्या मालकाचं जातं.

1 जानेवारी 2013 पासून यात आणखी एक अट आली: विक्री फक्त नेदरलँड्सच्या रहिवाशांना. अट देशभर लागू आहे, पण ती किती कडकपणे पाळायची हे प्रत्येक नगरपालिकेवर सोडलंय. गोंधळाचं मूळ इथेच आहे. ‘ॲमस्टरडॅममध्ये कुणी काही विचारलं नाही’ असं मित्र सांगतो, ते खरं असतं, कारण ॲमस्टरडॅमने ही अट अंमलात आणलेली नाही. मास्ट्रिख्टमध्ये ती पाळली जाते. देश एकच असला तरी गाव बदललं की उत्तर बदलतं. सरकारने नियम एक केला आणि अंमलबजावणी वाटून टाकली, त्याचा भुर्दंड नवख्या माणसाला पडतो.

ही अट आली ती सीमेवरच्या गावांच्या त्रासातून. बेल्जियम, फ्रान्स आणि जर्मनीहून गाड्या भरून लोक यायचे, गल्ल्यांमध्ये रहदारी आणि गोंगाट व्हायचा. बेर्गन ऑप झोम आणि रोझेंडाल या गावांनी तर 2009 मध्ये आपली सगळी कॉफीशॉप बंद करून टाकली. मास्ट्रिख्टने परदेशी ग्राहकांना मज्जाव केला, त्यावरचा खटला युरोपीय न्यायालयापर्यंत गेला आणि डिसेंबर 2010 मध्ये असा मज्जाव करता येतो असा निकाल आला. मग 1 मे 2012 पासून दक्षिणेच्या तीन प्रांतांत सभासद-पास आला, म्हणजे कॉफीशॉपच्या यादीत सभासद म्हणून नाव नोंदवलेल्यांनाच विक्री. परदेशी गर्दी हटली, पण आपलं नाव अशा यादीत घालायला स्थानिक लोकच तयार होईनात आणि रस्त्यावरच्या विक्रेत्यांचं फावलं. त्याच वर्षी पास रद्द झाला, रहिवासाची अट मात्र राहिली. ॲमस्टरडॅमच्या महापौर फेम्के हाल्सेमा यांनी 2021 मध्ये हीच अट तिथे लावायचा प्रस्ताव मांडला, तेव्हा नगरसेवकांना धास्ती वाटली ती याच रस्त्यावरच्या विक्रीची. प्रस्ताव पुढे सरकला नाही. मात्र मे 2023 पासून तिथल्या रेड लाइट भागात रस्त्यावर गांजा ओढायला बंदी आहे आणि दंड 100 युरो आहे. पाहुण्यांना हे आवर्जून सांगा.

आता मुद्द्याचं. रहिवासी म्हणजे कोण? नेदरलँड्समधल्या कुठल्याही नगरपालिकेच्या लोकसंख्या नोंदवहीत, म्हणजे बीआरपीमध्ये, ज्याचा राहता पत्ता नोंदलेला आहे तो. डच नागरिकत्व लागत नाही. मास्ट्रिख्टचाच पत्ता हवा असंही नाही, आइंडहोवनचा चालतो. पुरावा म्हणून वैध ओळखपत्र किंवा निवास परवाना आणि त्याच्या जोडीला बीआरपीचा ताजा उतारा, असे दोन कागद बरोबर ठेवायचे.

लोक काय घेऊन जातात? भाडेकरार, विद्यापीठाचं ओळखपत्र, पगाराची स्लिप, आणि सगळ्यात जास्त म्हणजे बीएसएन, इथे प्रत्येकाला मिळणारा सरकारी ओळख क्रमांक. ‘बीएसएन आहे म्हणजे मी रहिवासी’ हा गैरसमज घट्ट बसलाय. चार महिन्यांपेक्षा कमी काळासाठी आलेल्यांची नोंद अनिवासी म्हणून होते आणि त्यांनाही बीएसएन मिळतो. क्रमांक तसाच दिसतो, पण त्यामागे इथला राहता पत्ता नसतो. सातबाऱ्यावर नाव नसेल तर शेत कितीही वर्षं कसा, सरकारी कागदावर तुम्ही दिसत नाही, तसंच हे. पर्यटक व्हिसावर आलेल्या आईवडिलांची किंवा मित्रांची रहिवासी नोंद होणार नाही, त्यांच्यासाठी खटपट करू नका.

चार महिन्यांहून जास्त राहणार असाल तर आल्यापासून पाच दिवसांत नगरपालिकेत नोंदणी करायची असते. ही मुदत लोक ‘पाच दिवसांत नोंदणी पूर्ण’ अशी वाचतात आणि घाबरतात. मोठ्या शहरांत भेटीची वेळच उशिराची मिळते. वेळ लगेच मागून ठेवा आणि तिचा ईमेल जपा.

अडतं ते दोन ठिकाणी. पहिलं घर. ‘नोंदणी करता येणार नाही’ अशी अट घालून खोल्या सर्रास भाड्याने दिल्या जातात. भाडं पूर्ण घ्यायचं आणि माणूस कागदावर येऊ द्यायचा नाही, हा अन्याय आहे, आणि तो सोसणारी बहुतेक विशी-बाविशीतली मुलं असतात. अनामत रक्कम भरण्याआधी ‘या पत्त्यावर माझी नोंदणी होईल’ हे घरमालकाकडून लेखी घ्या. तोंडी ‘हो’ पुरेसं नाही.

दुसरं म्हणजे जन्माचा दाखला. नगरपालिका अनेकदा तो मागते, आणि तो अपॉस्टिल केलेला, म्हणजे परदेशात वापरण्यासाठी सरकारने प्रमाणित केलेला लागतो. आपल्याकडच्या जुन्या दाखल्यांवर बाळाच्या नावाचा रकानाच कोरा असतो, कारण नोंद बारशाच्या आधी झालेली असते. आईवडिलांची नावं आहेत, तारीख आहे, पण तुम्ही नाही! असा दाखला घेऊन इथे आलात की हाल होतात. निघण्याआधी जन्म जिथे नोंदला त्या महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत जाऊन नाव घालून घ्या, मग राज्य सरकारचं प्रमाणीकरण आणि परराष्ट्र मंत्रालयाचा अपॉस्टिल. दाखला फक्त मराठीत असेल तर अधिकृत भाषांतर लागेल, ते कोणाकडून केलेलं चालतं हे नगरपालिकेला आधी विचारा. हे काम इथून काकांना गावी धावाधाव करायला लावून करण्यापेक्षा स्वतः तिथे असताना करणं फार सोपं आहे.

नोंदणी झाली की बीआरपीचा उतारा डिजीडीने, म्हणजे इथल्या सरकारी लॉगिनने, ऑनलाइन किंवा नगरपालिकेच्या खिडकीवर मिळतो, शुल्क गावागणिक वेगळं आहे. घर बदललं तर पाच दिवसांच्या आत पत्ता बदला.

शेवटी एक गोष्ट कळकळीने. भारताचा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायदा परदेशातल्या भारतीय नागरिकांनाही लागू आहे. खिशात, पाकिटात, आठवण म्हणून घेतलेल्या केकमध्ये, कशातही गांजा भारतात नेऊ नका. परतीच्या आदल्या रात्री जॅकेटचे सगळे खिसे उलटे करून बघा, आणि भेटून निघालेल्या मित्राला त्याची बॅगही तपासायला लावा.