चोक गेला, दोन मिनिटं उरली

गाडी सुरू केली की लगेच गिअर टाकायचा नाही, इंजिनला आधी जरा सेट होऊ द्यायचं. आपल्याकडे गाडी शिकवणारा कोणीही असो, वडील, मामा किंवा ड्रायव्हिंग स्कूलचे सर, हा धडा पहिल्या दिवशीच मिळतो. किती वेळ थांबायचं यावर मात्र एकमत नाही. कोणी अर्धा मिनिट सांगतं, कोणी पाच. गाडी चालू ठेवून काचा पुसणारे, मग आठवण झाली म्हणून डबा आणायला वर जाणारे गृहस्थ प्रत्येक सोसायटीत असतात. नियम ऐकायला एक वाटतो, पण त्यात निरनिराळ्या यंत्रांच्या निरनिराळ्या गरजा मिसळल्या आहेत, आणि त्यातली काही यंत्रं आजच्या गाडीत शोधूनही सापडणार नाहीत.

सगळ्यात मोठा वाटा चोकचा. पेट्रोल जळतं म्हणतो, पण खरं तर जळते ती त्याची वाफ. विल्हेल्म मायबाखने १८९३ मध्ये पेट्रोलचा फवारा उडवणारा कार्बुरेटर बनवला आणि पुढची जवळजवळ शंभर वर्षं मोटारी त्याच तत्त्वावर चालल्या: इंजिन हवा ओढतं, त्या ओढीने बारीक छिद्रातून पेट्रोल उडतं, आणि साधारण १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल, असं वजनी मिश्रण तयार होतं. इंजिन तापलेलं असेल तर हे हिशेबाने होतं. गार असेल तर पेट्रोलचे थेंब वाटेतल्या थंड नळीलाच चिकटून बसतात आणि सिलिंडरपर्यंत पोचतं ते पातळ मिश्रण. म्हणून कार्बुरेटरच्या तोंडाशी एक झडप बसवली. ती लावली की हवा अडते, ओढ वाढते, पेट्रोल जास्त येतं. डॅशबोर्डखालचं बटण ओढून ही झडप लावायची, तोच चोक.

प्रीमियर पद्मिनी ज्यांनी चालवली त्यांच्या हाताला तो क्रम अजून आठवत असेल. चोक पूर्ण बाहेर, सेल्फ मारायचा, इंजिनने धरलं की अर्धा आत, आणि आवाज एकसारखा झाला की उरलेला आत. घाई केली तर गाडी आचके खात कोपऱ्यापर्यंत जायची आणि तिथे बंद पडायची. उलट चोक ओढलेलाच विसरला तर काळा धूर, ओले प्लग, शिवाय जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढायचं ते वेगळंच. या दोन चुकांच्या मधली वाट म्हणजे ती दोन मिनिटं. ‘सेट होणं’ हा शब्द तेव्हा अक्षरशः खरा होता, कान देऊन ऐकू येत होता. चेतक तिरकी करून किक मारणाऱ्या पिढीला हे वेगळं सांगायला नको.

त्यातच गाडी सुरू होणं हेच मुळी सोपं नव्हतं. चार्ल्स केटरिंगचा विजेवरचा स्टार्टर १९१२ मध्ये कॅडिलॅकमध्ये आला, तरी आपल्याकडे अँबॅसिडर आणि जीपच्या हँडलला त्यानंतर कितीतरी दशकं काम होतं. बॅटरी उतरलेली, सकाळची थंडी, हँडल मारून खांदा दुखतोय किंवा शेजारी धक्का मारून दमलेत. अशा वेळी पेटलेलं इंजिन पुन्हा बंद पडू देण्याची जोखीम कोण घेणार? मला वाटतं, ही सवय जितकी तंत्रामुळे आली तितकीच या धास्तीमुळेही टिकली.

ऑइलचं कारण जास्त खोल आहे आणि ते अजून संपलेलं नाही. रात्रभर गाडी उभी राहिली की ऑइल निथळून खाली चेंबरमध्ये उतरतं. पूर्वीचं एकाच ग्रेडचं ४० नंबरचं ऑइल थंडीत इतकं दाट व्हायचं की ते वरपर्यंत चढायला वेळ लागे. डब्यावरच्या २०डब्ल्यू-४० मधला डब्ल्यू म्हणजे विंटर. त्याआधीचा आकडा जितका लहान, तितकं ऑइल गारठ्यात वाहतं. आता ५डब्ल्यू-३०, ०डब्ल्यू-२० सर्रास मिळतं आणि काही सेकंदांत प्रेशर तयार होतं. निफाडच्या गारठ्यातही.

डिझेलवाल्यांची कथा वेगळी. त्यांचं थांबणं सुरू करण्याआधीचं होतं: चावी फिरवायची, सिलिंडर तापवणाऱ्या हीटरचा दिवा विझेपर्यंत वाट बघायची, मग सेल्फ. पुढे टर्बो आले. मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेणारा टर्बोचा, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याचा, दांडा ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो, त्यामुळे ऑइल पोचण्याआधी रेस द्यायची नाही आणि जोरात पळवून आणल्यावर लगेच बंद करायची नाही, हा सल्ला आजही योग्यच आहे. एसटीचा ड्रायव्हर स्टँडवर इंजिन चालू ठेवून बसलेला दिसतो, पण तो बहुतेकदा वेगळ्याच गोष्टीसाठी थांबलेला असतो. एअर ब्रेकच्या टाकीत हवा भरल्याशिवाय बस हलवता येत नाही. ते पाहून कोणी आपल्या हॅचबॅकला हा नियम लावला असेल तर नवल नाही.

कार्बुरेटर आपल्याकडून गेला तो मुख्यतः प्रदूषणाच्या नियमांमुळे. १९८३ च्या मारुती ८०० लाही चोक होताच. १९९८ मध्ये सँट्रो एमपीएफआय, म्हणजे कार्बुरेटरऐवजी प्रत्येक सिलिंडरला मोजून पेट्रोल फवारणारी यंत्रणा, घेऊन आली, २००० पासून युरो-१ च्या तोडीचे नियम देशभर लागू झाले, आणि काही वर्षं गाड्यांच्या पाठीवर ‘एमपीएफआय’ ही अक्षरं पदकासारखी मिरवली. इंजिन किती गार आहे हे सेन्सर सांगतो, पेट्रोल किती द्यायचं ते कॉम्प्युटर ठरवतो. ड्रायव्हरच्या हातचं काम गेलं, सवय राहिली.

तरीही सकाळी इंजिनच्या फेऱ्यांचा काटा १२००-१५०० वर जातो आणि थोड्या वेळाने ८०० च्या आसपास उतरतो. ‘बघ, आता सेट झालं’, असं म्हणायला तो पुरावा पुरतो. त्यामागे ऑइल आणि गार इंजिनाची गरज थोडी असते. मोठं कारण मात्र सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये आहे. चार महानगरांतल्या नव्या पेट्रोल गाड्यांना तो १९९५ मध्ये सक्तीचा झाला. अडीचशे-तीनशे अंशांपर्यंत तापल्याशिवाय तो धूर नीट साफ करत नाही. म्हणून कॉम्प्युटर मुद्दाम फेरे वाढवतो, ठिणगी उशिरा पाडतो आणि गरम धूर त्याच्याकडे ढकलतो. काटा उतरायची वाट आपण इंजिनासाठी बघत असतो, पण त्या मिनिटात तापवला जात असतो तो धुराचा डबा. गिअरबॉक्स, चाकांचे बेअरिंग, टायर उभ्या गाडीत गारच राहतात; ते तापतात गाडी हळूहळू चालवल्यावरच.