फायबर आलं, पण लाइनमधली वीज गेली

जुन्या लँडलाइनला प्लग लागत नव्हता. घरात अंधार असला तरी रिसीव्हर उचलला की डायलटोन यायचा, कारण फोन चालायचा एक्स्चेंजमधल्या बॅटरीवर. अगदी सुरुवातीला ही बॅटरी ज्याच्या त्याच्या घरीच असे. 1890च्या दशकात ती एक्स्चेंजमध्ये हलली आणि तांब्याच्या त्याच दोन तारांवरून आवाज आणि वीज दोन्ही येऊ लागलं. पुढे 48 व्होल्ट हे प्रमाण रुळलं. त्यात धन टोक जमिनीला जोडतात, म्हणजे केबलमध्ये ओल शिरली तरी तांबं गंजून झिजत नाही. इतका बारीक विचार या व्यवस्थेमागे होता.

फायबर म्हणजे काचेचा धागा, आणि काचेतून मात्र वीज जात नाही. फायबर घरात आलं तसं त्यातल्या प्रकाशाचे विद्युत संकेत करणारं ओएनटी नावाचं छोटं यंत्र भिंतीवर आलं आणि त्याला घरचीच वीज लागू लागली. वीज जाताच फोनही बंद, आपत्कालीन कॉलसुद्धा. बॅटरी बॅकअप आला, पण ती बॅटरी सांभाळणं ग्राहकाच्या गळ्यात पडलं. अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाने 2015 मध्ये निदान आठ तासांचा बॅकअप ग्राहकाला देऊ करणं बंधनकारक केलं. तो घ्यायचा तर पैसे ग्राहकाचेच.

मग जमिनीत पुरलेल्या तांब्यातूनच ओएनटीला वीज का देऊ नये? अर्धा मिलिमीटर जाडीच्या तारांची जोडी तीन किलोमीटर नेली, की जाऊन-येऊन रोध 500 ओहमच्या वर जातो. एवढ्या रोधातून 48 व्होल्टवर दुसऱ्या टोकाला जेमतेम एक वॅट पोचतो. ओएनटीला पाच-दहा वॅट लागतात.

उपाय एकच, व्होल्टेज वाढवणं. तो नवा नव्हता. 1962 मध्ये अमेरिकेतल्या बेल टेलिफोन कंपनीची टी-1 ही डिजिटल यंत्रणा सुरू झाली तेव्हाच वाटेतल्या रिपीटरना, म्हणजे संकेत पुन्हा ताजे करणाऱ्या यंत्रांना, त्याच तारांतून वीज जात होती. पुढे उणे आणि अधिक 190 व्होल्टची पद्धत रूढ झाली. यात दोन तारांमधला फरक 380 व्होल्ट असतो आणि सुरक्षेसाठी एका जोडीमागे 100 वॅटची कमाल मर्यादा असते. रस्त्याकडेच्या कॅबिनेटना अशी वीज देता येते. घराघरांत ती नेणं मला तांत्रिकदृष्ट्या अवघड वाटत नाही. अडतं ते खर्चावर. फायबर टाकण्यामागे कंपन्यांचा एक मोठा हेतूच तांब्याच्या देखभालीतून सुटणं हा असतो, आणि ही वीज हवी तर प्रत्येक जोडी धडधाकट ठेवावी लागते.

जी.फास्ट, म्हणजे शेवटच्या थोड्या अंतरात तांब्यावरूनच वेगवान इंटरनेट देणारं तंत्र, आलं तेव्हा तर दिशाच उलटली. ग्राहकाच्या घरातून तांब्यावरून बाहेरच्या वितरण पेटीला वीज देण्याची मानकं तयार झाली.